काय झालंय?

"काय झालंय?" जनावरांच्या डॉक्टरांनी रोजच्यासारखं विचारलं.

मोबाइलवर प्राण्यांच्या हक्कांसाठी घसा कोरडा करणाऱ्या ताई हळहळल्या, "आमचा भुऱ्या अजून लंगडतोच हो. लाखभर लोक रोज त्याची विचारपूस करतात!"

डॉक्टरांनी कुत्र्याचा पाय चाचपला. हाड केव्हाच जुळलं होतं. ताई कॅमेरा लावेपर्यंत भुऱ्या खोलीभर हुंदडून आला.

"मित्रांनो," मोबाइल त्याच्यावर रोखत ताईंनी गळा काढला, "या मुक्या जिवाला न्याय कधी मिळणार?"

त्यासरशी भुऱ्याने तोच पाय उचलून धरला आणि ताईंच्या पर्समधल्या बिस्किटांकडे बघत शेपटी हलवली.

डॉक्टर हात धुवायला वळले. "पाय ठणठणीत आहे, ताई. तो बिस्किटासाठी लंगडतो. त्याला निदान भूक लागते. तुम्हाला काय झालंय?"