बिनआवाजाची गाडी

बॅटरीवरची चिमुकली गाडी जुन्या शहराचा चढ चढत होती. तिला आवाज नव्हता आणि त्या दगडी गल्ल्यांत हॉर्नला बंदी होती. म्हणून म्हातारा ड्रायव्हर प्रत्येक वळणाआधी डोकं बाहेर काढून जोरजोरात गाणं म्हणायचा. मागे बसलेल्या नव्या जोडप्याची हसून हसून पुरेवाट झाली होती.

"काका, गळा भसाडा, पण हौस दांडगी!" नवरा म्हणाला.

"गळ्याचं काय घेऊन बसलात, साहेब! माणसं बाजूला होतात ना, बास झालं."

घंटाघर बघून झालं, तोफ झाली, तोफेवर बसून फोटोही झाले. मग किल्ल्याखालची अरुंद, उतरती गल्ली आली आणि ड्रायव्हरचं गाणं मधेच थांबलं. एका निळ्या दाराच्या अलीकडे त्यानं गाडी पार उभीच केली. समोर चिटपाखरू नव्हतं. तरी त्यानं हाक मारली, "चिमणे, बाजूला हो गं! गाडी येतेय."

आतून कुणीतरी निळं दार धाडकन लावून घेतलं.

बायकोला गंमत वाटली. मोबाइल वर धरून ती कौलांवर, तारांवर शोधू लागली. "कुठंय हो चिमणी? मला तर दिसत नाही."

ड्रायव्हरनं ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"मलाही त्या दिवशी दिसली नव्हती, ताई."