उरलेली पट्टी

उंदरांनी दोन्ही गुंडाळ्यांच्या सुतळ्या कुरतडल्या होत्या. चीनच्या बादशहाचे कायदे लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्या कचेरीभर पसरल्या होत्या आणि त्यांना उंदरांच्या मुताची घाण येत होती. एक गुंडाळी सरकारी बैलांच्या कायद्यांची, दुसरी सरकारी कैद्यांच्या. थोरल्या कारकुनांनी आणि मी एकेक पट्टी वाचून दोन्ही पुन्हा बांधत आणल्या.

शेवटी एकच पट्टी उरली. तिच्या आधीची उंदरांनी खाऊन टाकली होती, त्यामुळे हा कायदा कुणासाठी आहे तेच कळेना. मी मोठ्याने वाचलं, "काम करताना मेल्यास त्याच दिवशी कचेरीत कळवावे."

"कैद्यांत घालू?" मी विचारलं. काल तटाच्या कामावर माती वाहताना एक कैदी बाई कोसळून मेली होती. कुणी कळवलं नव्हतं. सकाळी येताना मी नाक दाबून तिला ओलांडून आलो होतो. या पट्टीच्या जोरावर तिच्या रखवालदाराला निदान जाब तरी विचारता आला असता.

थोरले कारकून फडक्याने बोटं पुसत होते. "पुढे काय लिहिलंय?"

"न कळवल्यास रखवालदाराला दहा फटके."

"मग बैलांचीच आहे," ते म्हणाले. "कैदी मेला म्हणून रखवालदाराला कोण फटके मारतं?"

मी पट्टी बैलांत घातली आणि सुतळीची गाठ आवळली. मला शिसारी आली होती, पण ती उंदरांच्या घाणीची नव्हती. थोरल्या कारकुनांचं म्हणणं बरोबर होतं, याची होती.