एकतीस नोव्हेंबर

"कल्पिता, लॉगमध्ये अजून एक इशारा दिसतोय. पाचला फाईल जायला हवी," हर्षद पलीकडच्या टेबलावरून म्हणाला.

इशारा तारखेचा होता. औषधचाचणीच्या प्रोग्रॅममध्ये कुणा शहाण्याने रुग्णांच्या भरतीची शेवटची तारीख '३१ नोव्हेंबर' लिहून ठेवली होती. असा दिवसच नाही, म्हणून प्रोग्रॅम कुरकुरत होता आणि अखेरच्या दिवशी आलेल्यांना वगळत होता.

तिने एकतीसचे तीस केले. इशारा गेला, पण यादी एकोणचाळीसची एक्केचाळीस झाली. आणि पुढचं वर्षभर औषध मिळणार होतं चाळीसच जणांना.

"नंबरप्रमाणे लाव ना. चाळीस झाले की काप," हर्षद म्हणाला. "एवढं काय त्यात?"

त्यात तिचे बाबा होते. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर तिला या कामावरून त्याच दिवशी काढलं असतं. वर्सोव्याचे महादू, उभा जन्म होडीवर काढलेला माणूस, आता गल्लीच्या टोकापर्यंत जाताना दोनदा भिंतीला टेकत. फुप्फुसं सुकत चालली होती. हे औषध विकत कुठे मिळत नव्हतं.

तीस नोव्हेंबरला तिनेच त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. ती खाली केसपेपरच्या रांगेत, बाबा वर नर्ससमोर. त्यांचं आधार कार्ड तिच्याच पर्समध्ये राहिलं होतं. तरी नर्सने त्यांना परत पाठवलं नाही, याचं तिला केवढं बरं वाटलं होतं.

यादीत नावं नसतात, नंबर आणि तारखा तेवढ्या. तीस नोव्हेंबरला आलेले दोघेच. चाळिसावा, जन्म २९ ऑगस्ट १९५८. एक्केचाळिसावा, १ जून १९५८.

एक जून. बाबांच्या आधारवरची तारीख. शाळेत नावं घालताना गुरुजींनी गल्लीतल्या सगळ्या पोरांना तीच वाटली होती.

म्हणजे एका नंबराने बाबा बाहेर.

तिने कोडमध्ये एक ओळ घातली : भरतीची तारीख सारखी असेल तर वयाने मोठा आधी. जूनवाला आत आला, ऑगस्टवाला बाहेर गेला. त्यालाही घरी कुणी मुलगी असेल, असं मनात आलं आणि तिला स्वतःची किळस वाटली. तरी तिने ओळ पुसली नाही.

हर्षदने फक्त लॉग पाहिला. तिथे सगळे तेवढंच पाहत.

"शून्य इशारे. झकास!"

त्याने फाईल पाठवली. एकदा गेलेली यादी पुन्हा उघडत नसे.

ती घरी आली तेव्हा बाबा दारात जाळं घेऊन बसले होते. चार गाठी मारायच्या, थांबायचं.

"बाबा, येत्या एक जूनला मोठा केक आणू," ती म्हणाली. किती महिन्यांनी हसत होती.

"कसला एक जून गो! तो गुरुजींचा." बाबा श्वास गोळा करत हसले. "हॉस्पिटलात खरा सांगितला मी. आधार तर तुझ्याकडं. म्हटलं, माझी आय सांगायची, नारळी पुनवेचा जन्म, अठ्ठावन्न सालचा. नर्सबायनं मोबाईलवर बघून तारीख लिवली पण."

"कोणती?"

"एकोणतीस ऑगस्ट."