भिंतीवरची शाबासकी

सुतळीचा फोटो भिंतीवर चढला आणि जेवताना तिच्या डब्याशेजारची जागा रिकामी झाली.

कोणी भांडलं नाही. कोणी वाईट बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत लांब बाकावर सगळे फक्त थोडे थोडे पलीकडे सरकले. "मोठ्या माणसांना ऐसपैस लागतं हो," मामी म्हणाली, आणि बाकीच्यांनी डब्यात तोंड घालून हसू दाबलं. मामी म्हणजे शिवणकामाच्या टेबलावरची सगळ्यांत जुनी कारागीर. सुतळीच्या हातात आरी तिनंच दिली होती. चामड्याला भोक कसं पाडायचं, मेणाचा दोरा किती ओढायचा, सगळं तिनंच शिकवलं होतं. ती सरकली म्हणजे पाठीमागची भिंतच सरकली.

हा उद्योग डावरीचा. डावरी म्हणजे बॅगांच्या या कारखान्याची नवी साहेबीण, दूरच्या देशातून आलेली. आल्या आल्या ती टेबलावर बसून टाके घालायला शिकली, तेही डाव्या हातानं. नाव तेव्हाच पडलं. तिच्या देशात म्हणे उत्तम कामगाराचा फोटो लावतात आणि माणूस फुलतो. इथं सुतळी वाळली. एकाला उचललं की बाकीचे सगळे आपोआप बुटके होतात, हे कुठल्या शहाण्याच्या पुस्तकात लिहिलेलं असतं? आधीचे दोन परके साहेबही असेच चुकले होते आणि 'ही माणसंच कोडगी' असं म्हणत विमानात बसले होते. चूक यांची, बट्टा आमच्या नावाला.

शेवटी सुतळी डावरीच्या काचेच्या केबिनमध्ये गेली.

"बाई, तो फोटो काढा. नाहीतर मी काम सोडते."

"का? तू चांगला काम करते."

"घास उतरत नाही घशाखाली."

डावरीनं काचेतून त्या बाकाकडे पाहिलं. तिथं चामडं कापणारा बसला होता. मागं एकदा तिनं त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, तेव्हा त्याच्याभोवती बसायला जागा पुरली नव्हती.

"मी आज फोटो काढला तर?"

"तर म्हणतील, हिनं काय चोरलं म्हणून उतरवला."

डावरी त्या बाकाकडेच पाहत राहिली. गाढवापुढं वाचली गीता, असं म्हणत सुतळी बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ऐन कामाच्या भरात डावरी तणतणत हॉलमध्ये आली आणि तिनं एक बॅग सुतळीसमोर आपटली. कडेची शिवण दारुड्याच्या चालीसारखी वाकडी.

"हे काय आहे? भिंतीवर तुझा फोटो, आणि असा शिवण?"

सुतळीनं शिवणीकडे पाहिलं. बॅग तिची नव्हतीच. पण या हॉलमध्ये साहेबासमोर 'नाही' हा शब्द आजवर कोणी काढला नव्हता. मान खाली, जीभ टाळूला, हीच इथली रीत. डावरी तरातरा भिंतीशी गेली, फोटो ओरबाडला आणि टराटरा फाडला.

मागं एक स्टूल करकरलं.

"ओ बाई! थांबा जरा." मामी कमरेवर हात ठेवून उभी होती. "ही शिवण आमच्या पोरीची नाही. असलं काम ती झोपेतसुद्धा करणार नाही. आधी विचारा, मग फाडा!"

"साहेब झालात म्हणून काय माणसाचा जीव घेता?" कापणारा ओरडला. मग अख्खं टेबल तुटून पडलं. इतक्या वर्षांचं साचलेलं, कमी पगारापासून गळक्या छपरापर्यंत, सगळं बाहेर आलं. डावरीनं एकालाही मध्येच तोडलं नाही. "मी बघते," एवढंच म्हणाली आणि लालबुंद तोंडानं केबिनमध्ये गेली.

सुट्टी झाली. मामीनं आपला डबा सुतळीच्या डब्याला खेटून ठेवला.

"गेला तर गेला फोटो. नाक तरी कुठं नीट आलं होतं त्यात तुझं! खा. त्या टवळीचं काय मनावर घेतेस?"

सुतळीच्या डब्यात चार घरची भाजी पडली. डोळ्यांतून पाणी आलं, पण घास उतरला.

काचेपलीकडे डावरी एकटीच जेवत होती. चमचा डाव्या हातात.

जेवण आटोपून सुतळीनं ती बॅग उसवायला मांडीवर घेतली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. अंगठा थबकला. आरी उजव्या हातात असली की टाके एकीकडे कलतात. हॉलमधल्या प्रत्येक बॅगेचे तसेच होते. हिचे मात्र सगळेच्या सगळे उलटीकडे कलले होते.

सुतळीनं कात्री उचलली आणि मामीची नजर पडायच्या आत पूर्ण शिवण उसवून टाकली.