खुंटीवरची वहाण

बायकोला, जनकाबाईला, मिरगी आली की हुंगवायला कडूबानं जुनी वहाण खुंटीला टांगून ठेवली होती. लोणारच्या दवाखान्यात मिरगीवरच्या नव्या सुईची चाचणी सुरू झाली, तेव्हा डॉक्टर जनकाबाईला म्हणाले, “गुण येईलच असं नाही. टोचताना तुम्ही बेशुद्ध असाल, आत्ताच ठरवा.” घरी येऊन तिनं सासूसमोर बेलभंडार उचलून शपथ घेतली, “मी पडली का सुईच टोचाची.” कडूबा भडकला, “बाईवर प्रयोग? बेसुद्धाले कोन इचारते वं?” “म्हनूनच सुद्धीत सांगून राह्यली,” म्हणत तिनं वहाण चुलीत घातली. आज ती अंगणातच कोसळली, हातपाय झाडू लागली. कडूबानं शिवी हासडली अन् पायातलीच वहाण काढून तिच्या नाकाशी नेली. आईनं त्याचं मनगट धरलं. सुई तिलाही पटली नव्हती. “भंडार माह्यासमोर उचलला हाये तिनं,” ती गरजली. “घाल वहाण पायात, अन् पळ डॉक्टरकडे!”