एकही राहता कामा नये

"काय गं, नाव कधी काढणार आमचं?" जेवताना बाबांचा हा नेहमीचा प्रश्न. मी म्हणायचे, "दिवसभर नावंच तर काढते!" कॅन्सरच्या पेशंटांचे रेडिएशनचे स्कॅन संशोधनाला जाण्याआधी त्यांच्यावरची नावं काढून नुसते नंबर घालायचे, हे माझं काम.

रेडिएशनचा कोणाला जास्त त्रास होईल, हे स्कॅन बघून आधीच सांगणारा प्रोग्रॅमही मीच लिहिला. पेपर छापून आला, तेव्हा त्यावर आमच्या विभागप्रमुख डॉक्टरांचं एकट्याचं नाव. जाब विचारला, तर वर तोंड करून म्हणाले, "तुझं कामच नावं काढायचं. त्यात एक तुझंही काढलं तर कुठे बिघडलं?"

परिषदेच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या भाषणाच्या स्लाइड माझ्याकडे पाठवल्या. "स्कॅनवर नावं दिसतायत. सगळी काढ. एकही राहता कामा नये."

माझं काम तपासून बघायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात पहिली स्लाइड उघडली. वर भाषणाचा विषय, आणि खाली संशोधकाच्या जागी 'पेशंट नंबर एक'. मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच.

"माझं नाव कुठंय?" बाहेर येऊन ते कडाडले.

"सर, एकही राहता कामा नये, असं तुम्हीच म्हणालात."

घरी बाबांनी ताट पुढे ओढलं. मी त्यांना तोंडसुद्धा उघडू दिलं नाही.

"बाबा, आज नाव काढलं! भर सभेत, आमच्या डॉक्टरांचं."