कर्मचाऱ्याचं पाल्य

“वहिनी, तुम्ही कशाला आलात? सरांनाच पाठवा ना,” खिडकीतल्या कारकून बाई म्हणाल्या. त्यांनी अर्जावरचं नाव तेवढं वाचलं आणि कागद परत सरकवला.

“सर येणार असते तर मी कशाला तिष्ठत उभी राहिले असते?” प्राध्यापकांची बायको म्हणाली.

नवरा याच विद्यापीठात बावीस वर्षं शिकवत होता. इथे कर्मचाऱ्यांच्या मुलांना राखीव जागा होत्या, वर अर्धी फी माफ. लेकीचा प्रवेश दोन गुणांनी हुकला होता आणि चार दिवस पोरगी धड जेवली नव्हती. राखीव जागेचा अर्ज भरायला आजचा शेवटचा दिवस होता.

घरात हा विषय निघाला की नवरा ताटावरून उठायचा. “माझ्या खुर्चीच्या जोरावर माझी मुलगी शिकणार नाही,” म्हणायचा. माहेरची माणसं त्याला ‘तत्त्वमहाराज’ म्हणून चिडवायची. ती वरवर हसायची, पण मनातून तिला त्याचा फार अभिमान होता. लोक नाही नाही त्या वाटांनी पोरं आत घुसवतात आणि हा हक्काचंही घेत नाही. यंदा मात्र लेकीचे सुजलेले डोळे बघून तिला त्याच्या तत्त्वांचा वीट आला. अर्जावर आई-वडिलांपैकी कुणाचीही सही चालत होती. तिने त्याला न विचारता आपली ठोकली आणि तडक इथे आली.

“जागा भरल्या असतील हो,” बाई म्हणाल्या.

“बाहेरच्या फळ्यावर तीन शिल्लक लिहिल्यात.”

“दुसरं एखादं कॉलेज बघा ना. मुलीचे गुण काही वाईट नाहीत.”

“दुसरीकडे पूर्ण फी भरायची? ऐपत असती तर इथे पदर पसरला असता का?” तिचा आवाज चढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. “बावीस वर्षांत आम्ही विद्यापीठाचं काही घेतलं नाही. आज पहिल्यांदा मागतेय, तर तुम्ही टोलवाटोलवी करता. मिळणार नसेल तर कारण लेखी द्या, नाहीतर मी कुलसचिवांकडे जाते.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

“वहिनी, माझं ऐका. घरी जा.”

“लेखी द्या.”

बाई नाइलाजाने उठल्या. कपाटातून एक जाड नोंदवही काढून त्यांनी पानं चाळली. हवं ते पान सापडल्यावरही त्या क्षणभर वहीवर हात ठेवून बसल्या.

“ही सवलत कर्मचाऱ्याच्या एकाच मुलाला मिळते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“मग अडचण काय? आम्हाला एकच आहे.”

बाईंनी वही तिच्याकडे फिरवली आणि स्वतः दुसरीकडे बघत राहिल्या. पान तीन वर्षांपूर्वीचं होतं. नवऱ्याचं पूर्ण नाव होतं, हुद्दा होता, खाली त्याचीच ती लफ्फेदार सही होती. पाल्य म्हणून एका मुलाचं नाव होतं. आईच्या रकान्यात तिचं नाव नव्हतं.